सोमवारी काही सांगू नका

निष्ठा हा माणसाचा सर्वांत उदात्त गुण आहे, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या निष्ठा जिंकणाऱ्या बाजूला होत्या, हे तूर्त बाजूला ठेवू. मुकुंद पाटणकरांची निष्ठा अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघावर होती. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं करायचं, तो. या खेळात पाटणकरांचा संघ मुख्यतः आडवं होण्याचं काम करत असे. उदात्त गुण माणसाला शेवटी कुठे नेऊन बसवतो, हे मी सिंगापुरात, बुकित पंजांगमधल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं पाहिलं. तो त्याला सोफ्यावर बसवतो, लोकरी कानटोपी घालून, अठरावर लावलेल्या एसीसमोर.

पाटणकर माझ्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहायचे आणि आंग मो किओला माझ्याच कंपनीत टेस्टिंगचा विभाग सांभाळायचे. उंच, थोडे पुढे वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम पेन. मी या ब्लॉकमध्ये नवा होतो तेव्हाची गोष्ट. सोमवारी सकाळी लिफ्टचं दार उघडलं, आत हे उभे. मराठी माणूस दिसला म्हणून मी हसून तोंड उघडलं, तर त्यांनी ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा वर केला.

"सोमवार आहे. काही सांगू नका."

"मी फक्त नमस्कार म्हणणार होतो."

"नमस्कार चालेल," ते म्हणाले, आणि तळमजल्यापर्यंत आम्ही दोघं दाराकडे बघत उभे राहिलो.

कारण नंतर कळलं. अमेरिकेतला रविवारचा सामना संपतो तेव्हा सिंगापुरात सोमवार उजाडलेला असतो. पाटणकर तो सामना सोमवारी संध्याकाळी सात वाजता, रेकॉर्ड केलेला बघत. तोपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून दिवसभर फोन बंद, कानात बोळे, आणि जेवताना हॉकर सेंटरच्या टीव्हीकडे पाठ. सिंगापुरात त्या संघाचा निकाल माहीत असणारा माणूस शोधून सापडला नसता, त्यामुळे हा धोका बऱ्यापैकी काल्पनिक होता. पण ऑफिसात आमच्या मजल्यावर सगळ्यांनी तो मानला होता. सोमवारी पाटणकरांना कुणी काही सांगत नसे. मशीन बंद पडलं तरी लोक मंगळवारची वाट बघत.

संघाचं नाव ते घेत नसत. "आमचे" म्हणत. आमच्यांची बस उशिरा पोचली. आमच्यातल्या दोघांचे गुडघे गेले. सुरुवातीला मला वाटायचं, हे सासुरवाडीबद्दल बोलतायत. एकदा "आमच्यांचा डावा खांदा निखळला, आता वर्षभर बसला घरी" असं ते म्हणाले तेव्हा मी वृंदावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कुणाला काही मदत लागली तर सांगा असं म्हणालो होतो. वहिनी म्हणाल्या, "खांदा ना? त्याला विम्याचे इतके मिळतील की तोच आपल्याला मदत करेल."

एकदा मी त्यांना विचारलं, पहाटे उठून थेट प्रक्षेपण का बघत नाही?

"मी बघत असलो की ते हरतात."

"पण तुम्ही बघत नसतानाही हरतात."

"हो," पाटणकर म्हणाले, "पण तेव्हा जबाबदारी माझी नसते."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं होतं. पुढे ते बऱ्याचदा आठवलं.

या संघाचा इतिहास मला सविस्तर कळला तो गणेशोत्सवात. आमच्या मंडळाचे अध्यक्ष साधं "चहा घ्या" म्हणतानाही सभा असल्यासारखे म्हणत. त्यांना प्रसादाआधीच्या तासात एखादं प्रेरणादायी व्याख्यान हवं होतं. विषय ठरला, 'नेतृत्व आणि संघभावना'. वक्ते, ज्येष्ठ अभियंता श्री. मुकुंद पाटणकर. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, "ज्यांच्या शब्दाशब्दांतून यशाचं रहस्य उलगडतं" अशी ओळख करून दिली, आणि पाटणकरांनी माइक हातात घेऊन सांगितलं की एका संघाची गोष्ट सांगतो.

गोष्ट अशी. तरुणपणी पाटणकर अमेरिकेत शिकायला गेले, ते एका थंडगार तळ्याकाठच्या गावी. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडलेला, दुकानं बंद पडलेली, उघडं काय होतं तर स्टेडियम. गावातल्या एका बॉयलर बनवणाऱ्याने हा संघ काढला. कामगार शनिवारी बॉयलर जोडत आणि रविवारी एकमेकांची हाडं मोडत. टीव्ही घरोघरी यायच्या आधी हा संघ देशात पहिला आला. तेव्हाचं एक छायाचित्र आहे, त्यात सगळे हसतायत आणि निम्म्यांना पुढचे दात नाहीत. पुढे मालक वारला, संघ जावयाकडे आला. जावयाने चांगला प्रशिक्षक काढून आपला मेहुणा बसवला. मग चांगले खेळाडू गेले, मग बरे गेले. एका वर्षी संघ सगळेच्या सगळे सामने हरला. त्यावर गावाने हरणाऱ्यांची मिरवणूक काढली, भर बर्फात, बँड लावून. पाटणकर त्या मिरवणुकीत होते. टोपी तिथलीच.

"आणि मग?" श्रोत्यांतून कुणीतरी आशेने विचारलं.

"मग तिथे एक फार सुंदर नियम आहे," पाटणकर म्हणाले. "जो संघ सगळ्यांत शेवटी येतो, त्याला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायचा पहिला मान."

सभागृहात अस्वस्थ चुळबूळ झाली. पुढच्या रांगेतल्या एक बाई मुलीकडे वळून म्हणाल्या, "हे तू ऐकू नकोस."

"मग तुमच्या संघाने चांगले खेळाडू निवडले असतील," अध्यक्ष म्हणाले. त्यांना शेवट गोड करायचा होता.

"दरवर्षी पहिली निवड आमची. एकदा एक पोरगा घेतला, चेंडू फेकण्यात देशात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. क्वार्टरबॅक म्हणतात त्याला, सगळा खेळ त्याच्या हातात. करारावर सही केली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरताना त्याचा पाय मुरगळला. तो परत कधी सरळ पळाला नाही."

"एकूण कितीदा जिंकले हो?" मागून प्रश्न आला.

"मुद्दा तो नाही," पाटणकर म्हणाले.

मुद्दा कोणता, हे सांगायच्या आत अध्यक्षांनी आरतीची घंटा वाजवली. त्या वर्षीपासून मंडळाने व्याख्यान बंद करून अंताक्षरी सुरू केली.

घरात त्यांच्या निष्ठेला अनुयायी नव्हता. वहिनी सोमवारी सात वाजता चहा देत, शाल पांघरून विणकाम घेऊन बसत आणि सामना बघत नसत, पाटणकरांना बघत. मुलगी ईशा सिंगापुरातच वाढलेली, तिथल्यासारखं वाक्यामागे 'लाह', 'व्हॉट' जोडत इंग्रजी बोलणारी. ती लहानपणी हिरवा शेवाळी झगा म्हणून त्यांची जर्सी घालून फिरायची, मोठी झाल्यावर तिने वडिलांना एकदाच, अगदी शांतपणे विचारलं, "पापा, व्हाय कान्ट यू जस्ट चूज अनदर टीम? सो मेनी गॉट, व्हॉट."

"संघ बदलता येत नाही, बाळा."

"कॅन, लाह. प्लेअर्स ऑल्सो चेंज व्हॉट."

पाटणकरांनी स्वतःच्या जर्सीकडे पाहिलं. त्यांच्या अंगात त्या वेळी ज्याची जर्सी होती, तो खेळाडू आदल्या आठवड्यात दुसऱ्या संघाला विकला गेला होता. तरीही सोमवारी शाळेतून आल्यावर तीसुद्धा आधी वडिलांकडे बघायची आणि काही बोलायची नाही. त्या घरात सोमवारी बोलायचं नसतं हे ती बोलायला शिकण्याआधी शिकली होती.

मग एका वर्षी काय झालं कोण जाणे, पाटणकरांचे जिंकायला लागले. एक क्वार्टरबॅक आला, तोही कुणीतरी टाकून दिलेला. तो धडपडत चेंडू फेकायचा आणि चेंडू पोचायचा. पाटणकर घाबरले. हरण्याची त्यांना सवय होती. त्यात काय घालायचं, कुठे बसायचं, काय म्हणायचं हे ठरलेलं होतं. जिंकण्याची काहीच तयारी नव्हती. जानेवारीत संघ उपांत्य फेरीत पोचला. हा जिंकला की अंतिम सामना, जो पाटणकरांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्या सोमवारी त्यांनी रजा टाकली. मी म्हटलं, रजाच आहे तर दुपारी बघा की. तर म्हणाले, सातची वेळ बदलायची नाही. आणि सकाळपासून कुणी काही बोलू नये म्हणून फोन घरी ठेवून, पाण्याची बाटली घेऊन जलाशयाकडच्या जंगलात फिरायला गेले. तिथे माकडं असतात. माकडं निकाल सांगत नाहीत.

त्याच सोमवारी सकाळी आमच्या कंपनीत सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर मुख्यालयातले साहेब आले. त्यांच्या मागे फुलदाणी होती. ते 'प्रवास' हा शब्द पुष्कळ वेळा म्हणाले. कंपनी एका रोमांचक प्रवासावर निघाली होती आणि त्या प्रवासात टेस्टिंगचा विभाग सिंगापुरात राहणार नव्हता. ज्यांना सोबत नेता येणार नाही त्यांना आज एकेकट्याला भेटून सांगू, असं साहेब म्हणाले आणि सर्वांचे मनापासून आभार मानून फुलदाणीसकट अदृश्य झाले.

पाटणकरांचं नाव यादीत पहिलं होतं. सगळ्यांत अनुभवी म्हणजे सगळ्यांत महाग. एचआरची मुलगी माझ्या टेबलाशी आली. "मिस्टर पाटणकर फोन उचलत नाहीत. तुम्ही शेजारी ना? कुठे आहेत?"

"जंगलात," मी म्हणालो. "आठ-नऊपर्यंत सापडणार नाहीत."

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. तिला वाटलं, बातमी आधीच पोचली.

ज्यांचं राहणं एम्प्लॉयमेंट पासवर आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नोकरी संपली की पास संपतो. दुसरी मिळवायला मोजका अवधी. नाहीतर घर आवरायचं. कायमच्या निवासासाठी पाटणकरांनी दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा नम्र नकार आला होता. ईशाचा पास त्यांच्या पासला बांधलेला. तिचं ज्युनियर कॉलेजचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, वर्षाच्या शेवटी मोठी परीक्षा. वर्षभर पाटणकर दुसरं काही बोलत नसत. म्हणजे मंगळवार ते रविवार. पोरीची परीक्षा इथे पार पडली की मग कुठेही जाऊ, हे त्यांचं वाक्य आमच्या मजल्यावर पाठ होतं.

संध्याकाळी मी वर गेलो. दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना माहीत आहे. एचआरने घरच्या नंबरवर फोन केला होता.

"सांगितलंत?" मी हळू विचारलं.

"आल्या आल्या हात वर केला. म्हणाले, वृंदा, काही सांगू नकोस. मी म्हटलं, बरं." त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "वर्षानुवर्षं वाट बघितलीय हो त्यांनी. दोन तासांनी काय फरक पडतो? बघू दे."

आतून आवाज आला, "कोण? या या! पण काही बोलायचं नाही!"

मी बसलो. वहिनी बसल्या. विणकाम त्यांनी मांडीवर घेतलं आणि सुया हातात धरून ठेवल्या. एसी अठरावर होता. पडद्यावर बर्फ पडत होता आणि बर्फात माणसं एकमेकांवर आदळत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा या खेळातलं सगळं समजलं. काय व्हायचं ते कधीच होऊन गेलंय आणि आपण कानटोपी घालून त्याच्यासमोर बसलोय.

मध्यंतराला पाटणकरांनी आमच्याकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग वहिनींकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"तुम्हाला कळलंय," ते म्हणाले.

वहिनींनी सुया मांडीवर ठेवल्या.

"दोघांनाही कळलंय. चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या." त्यांनी टोपी कपाळावर ओढली. "हरले ना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी एसीकडे पाहिलं.

"असू दे," पाटणकर म्हणाले. "आता बघितलंच पाहिजे. मध्येच सोडून जाण्यात काय अर्थ आहे?"

आणि ते हरलेला सामना बघायला लागले. त्यांचा संघ पुढे होता तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. समोरच्यांनी बरोबरी केली तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, बघा, इथून सुरू झालं बहुतेक. शेवटची काही सेकंदं राहिली. लांबून चेंडूला लाथ मारायची होती, दोन खांबांमधून गेला तर जिंकले. "वाऱ्याने डावीकडे जाणार," पाटणकर मला समजावून सांगू लागले. "आमच्या मैदानात वारा नेहमी डावीकडे..." चेंडू खांबांच्या मधून गेला.

पाटणकर उठून उभे राहिले नाहीत. ओरडलेही नाहीत. पडद्यावर दाढीवाले बाप्ये बर्फात लोळून रडत होते आणि पाटणकर आमच्याकडे वळून, खरोखर काही न समजून, म्हणाले, "मग तुम्ही असे का बसला होतात?"

वहिनींनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. मी आणखी एक जोडलं, तीन महिन्यांची मुदत मिळेल बहुधा, असं काहीतरी. पाटणकरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, रिमोट उचलला आणि एसी बंद केला. टीव्ही बंद करायचा राहिला.

"सकाळी जाहीर केलं?"

"दहाला," मी म्हणालो.

"म्हणजे मी निघालो तेव्हा झालेलं नव्हतं," ते म्हणाले, आणि थांबले. त्या हिशेबात कुठेतरी आपण थेट प्रक्षेपण बघितलं असतं तर, असा काहीसा विचार असावा. मग त्यांनी विचारलं, "ईशाला?"

"नाही सांगितलं."

"उद्या तिची केमिस्ट्रीची टेस्ट आहे. आज नको."

तेवढ्यात दारात चावी फिरली. ईशा आत आली, खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि आम्हा तिघांकडे बघून उभी राहिली. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

"हाउ?" ती म्हणाली. "लूझ अगेन आह?"

पाटणकरांनी एकदा वहिनींकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "हरलो."

ईशाने त्यांच्या डोक्यावर, टोपी काढल्याने उभ्या राहिलेल्या केसांवर, हात फिरवला आणि "नेक्स्ट इयर, पापा," असं म्हणून आपल्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत तो संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला होता आणि त्याबद्दल त्या घरात कुणी पेढा आणला नाही.

अंतिम सामना पाटणकरांनी थेट बघितला, सोमवारी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा. "आता नोकरी नाही," ते म्हणाले, "निदान जबाबदारी तरी घेऊ." संघ इतका सडकून हरला की त्यात कुणाच्या जबाबदारीची गरज उरली नाही.

तीन महिन्यांत पाटणकरांनी कितीतरी ठिकाणी मुलाखती दिल्या. मुलाखत घेणारे त्यांना सर म्हणत आणि त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असत. तुमचा अनुभव फार मोठा आहे, असं सगळ्यांनी सांगितलं. तो कुणाच्या जागेत मावत नव्हता. शेवटी ठरलं ते असं: ईशाला विद्यार्थ्याचा वेगळा पास मिळाला. यिशुनला तिच्या मैत्रिणीच्या आईने एक खोली दिली. परीक्षा संपेपर्यंत पोरगी इथे आणि आईवडील पुण्यात. पाटणकरांना हवं होतं ते झालं, फक्त ते स्वतः त्यात नव्हते.

निघायच्या दिवशी चांगी विमानतळावर आम्ही पोचवायला गेलो, मी आणि ईशा. पाटणकरांनी तिथे एक छोटं भाषण केलं. अभ्यास, पाणी उकळून पिणं, माणसाने शेवटपर्यंत टिकून राहणं. वहिनी रडल्या. मग पाटणकर रडले, आणि ते लपवायला पासपोर्ट उघडून वाचत राहिले. दोघं तपासणी ओलांडून गेले. काचेच्या पलीकडून आम्हाला हात करू लागले.

ईशाने इकडून हात केला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अंकल, मला त्या दिवशीच कळलं होतं."

"काय?"

"माझ्या क्लासमध्ये एक अमेरिकन मुलगा आहे. ही टोल्ड मी इन द मॉर्निंग. पापाची टीम जिंकली. मी दिवसभर इतकी हॅपी होते, पण घरी सांगायचं नव्हतं ना, मंडे." ती थांबली. "देन पापा सेड दे लॉस्ट. सो आय न्यू समथिंग व्हेरी बॅड हॅपन्ड, लाह."

"मग बोलली का नाहीस?"

"पापाला वाटलं मला माहीत नाही," ती म्हणाली. "ही लुक्ड लाइक ही नीडेड दॅट."

काचेपलीकडे पाटणकरांनी दोन्ही हात वर करून हलवले, वहिनींनी डोळे पुसले, दोघं वळले आणि गर्दीत दिसेनासे झाले. आम्ही काही वेळ तसेच उभे राहिलो. मग ईशाचा फोन वाजला आणि दोघं पुन्हा काचेशी आले. त्यांनी परत हात केला, आम्ही परत हात केला. पाटणकर काचेशी तोंड करून खुर्चीवर बसले, आम्ही समोर जमिनीवर बसलो. हात करून करून संपले. थोड्या वेळाने वहिनींनी पर्समधून बिस्किटं काढली.

विमान साडेतीन तास उशिरा सुटणार होतं.